पुरात टिकलेली सजावट

ईद जवळ आली किंवा घरात लग्न ठरले की आपल्याकडे पहिला विषय निघतो तो घराचा. रंग काढायचा का? सोफा बदलायचा का? छताला पीओपी करून घ्यायचे का? मुले मोबाईलवर फोटो दाखवतात. आखातातून सुट्टीवर आलेला भाऊ तिकडच्या दिवाणखान्यांचे वर्णन करतो. शेजारच्या घरी नुकतेच काम झालेले असते, ते पाहून आपले घर आणखीच जुने दिसू लागते. मग काम निघते, पैसा लागतो, घर नवे होते आणि पाच-सहा वर्षांत तेच नवे घर पुन्हा जुने वाटू लागते.

पिढी बदलली तरी ज्याचा कंटाळा येत नाही, जे सारखे पाडून पुन्हा करावे लागत नाही, असे घर सजवता येते का? हा प्रश्न आम्हाला हौसेने पडला नाही. तो पुराने पाडला. म्हणून आधी थोडी घरची गोष्ट सांगतो आणि मग त्यातून जे समजले ते.

ईदच्या दुसऱ्या दिवशी

आमचे घर चिपळूणचे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौले, पुढे पडवी, मग ओटी, माजघर आणि मागे स्वयंपाकघर. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. 2019 साली आम्ही घराचे मोठे काम काढले. पुढची पडवी भिंत घालून बंद केली आणि दिवाणखान्यात घेतली. जमिनीवर चकचकीत टाइल्स बसवल्या, छताखाली पीओपीचे दुसरे छत केले, टीव्हीसाठी एमडीएफचे युनिट आणि मागे मॉड्युलर किचन. अम्मींचे सागवानी तख्त मागच्या खोलीत गेले. पडवीतला झोपाळा उतरवून माळ्यावर टाकला. अम्मी काही बोलल्या नाहीत. फक्त एवढेच विचारले, “मग संध्याकाळी बसायचं कुठं?” त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही. हे सगळे तीन वर्षांच्या हप्त्यांवर घेतले होते.

21 जुलै 2021, बुधवार. बकरी ईद. कोरोनाचे दिवस, त्यामुळे ईदची नमाज घरातच झाली. पाऊस दिवसभर होता, रात्री तो वाढला. पहाटे वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी गावात शिरले. आमच्या गल्लीत ते आले तेव्हा आम्हाला वाटले, गुडघाभर येईल आणि जाईल. ते थांबले नाही. आम्ही प्रथम कुरआन शरीफ माळ्यावर नेले, मग अम्मींना, मग त्यांची औषधे आणि मुलांची सर्टिफिकेटे. बाकी काही नेता आले नाही. माळ्याच्या फटीतून खाली पाहिले तर कुर्बानीच्या गोश्तने भरलेला फ्रिज पाठीवर तरंगत होता.

पाणी दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीला लागून थांबले. दुसऱ्या दिवशी ओसरले तेव्हा घरात घोटाभर चिखल होता आणि डिझेलचा वास. आमच्यापेक्षा कितीतरी जास्त ज्यांचे गेले असे लोक चिपळुणात शेकड्यांनी होते. आमची माणसे सुखरूप होती, अल्हम्दुलिल्लाह. तरी घर साफ करताना जे दिसले ते डोक्यातून जाईना.

एमडीएफचे टीव्ही युनिट चहात बुडवलेल्या बटरासारखे झाले होते. हाताने दाबले की चुरा होत होता. एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक धागा आणि गोंद दाबून केलेला बोर्ड. पाणी आत गेले की तो फुगतो आणि पुन्हा कधी सरळ होत नाही. मॉड्युलर किचनचे खालचे सगळे कप्पे तसेच गेले. सोफ्याच्या फोममध्ये इतके पाणी होते की तो उचलायला चार माणसे लागली. वादळी पावसात काही कौले सरकली होती. ते पाणी पीओपीच्या छतावर साचत राहिले आणि दोन दिवसांनी मधला गोल तुकडा धाडकन खाली आला. वरचे गळणे आम्हाला दिसलेच नव्हते, कारण ते झाकण्यासाठीच तर छत केले होते! टाइल्स मात्र शाबूत होत्या. पण त्या चकचकीत टाइल्सवर चिखल बसला आणि अम्मींचा पाय घसरून मनगट मुरगळले.

मागच्या खोलीत तख्त होते तिथेच होते. नळीने धुतले, सावलीत दीड महिना वाळू दिले. एक फळी थोडी वाकली, ती मिस्त्रींनी काढून उलटी बसवली. माजघरातली शहाबादी फरशी खराट्याने घासली आणि पूर्वीसारखी झाली. तख्ताखाली चिखलात रेहल सापडली. रेहल एकाच फळीतून कोरून काढतात. तिला खिळा नसतो, गोंद नसतो, मिटली की सपाट, उघडली की उभी. आम्ही ती धुतली, पुसली आणि तेलाचा हात फिरवला. त्याच शुक्रवारी अम्मींनी माळ्यावरून कुरआन शरीफ उतरवून त्याच रेहलवर ठेवले आणि तिलावत केली.

तीन प्रश्न

पुढच्या आठवड्यात घरात वाद झाला. आमची मोठी मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिला वाटत होते, नुकसान झालेच आहे तर आता सगळे नव्या पद्धतीने करू या. तिची चूक नव्हती. मैत्रिणींना घरी बोलवावेसे वाटेल असे घर तिला हवे होते. अम्मींना पडवी परत हवी होती. आणि आमच्यासमोर हिशेबाची वही होती. नसलेल्या किचनचे हप्ते 2022 पर्यंत भरायचे होते, आणि ते आम्ही भरले. ओटा दगडाचा म्हणून राहिला, त्याच्यावर शेगडी ठेवून स्वयंपाक चालू होता.

सुतारमिस्त्री तख्ताची फळी बसवत होते. ते सहज म्हणाले, “बाई, ह्याला चूळ आहे, खुंटी आहे. म्हणून मी उघडू शकलो. तुमचं ते युनिट उघडता येत नव्हतं, फेकायलाच लागलं.”

आम्ही त्या दिवसापासून प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारू लागलो. ती उघडता येते का? धुता येते का? गावातला माणूस ती दुरुस्त करू शकतो का? ज्यांच्या गावी पूर येत नाही त्यांनाही हे प्रश्न लागू आहेत. वाळवी, ओल, लहान मुले आणि पाहुणे तर सगळीकडेच असतात.

घर ‘कधीच जुने न होणारे’ असावे म्हणजे ते जुन्या वाड्यासारखे दिसावे असे नाही. जी गोष्ट दुरुस्त करता येते ती टिकते, आणि टिकते तिच्याशी घरातल्यांच्या आठवणी जोडल्या जातात. मग ती फॅशनमधून जात नाही, कारण ती फॅशनमध्ये आलेलीच नसते.

आधी उजेड आणि वारा

आम्ही पहिला पैसा खर्च केला तो पडवीची भिंत पाडण्यावर. 2019 ला भिंत बांधायला पैसे दिले, 2021 ला ती पाडायला. त्या दोन वर्षांत दिवाणखान्यात दिवसाही दिवा लागत होता आणि दुपारी पंखा पाचवर ठेवूनही घाम येत होता. कोकणात पडवी शोभेसाठी नसते. ती उन्हाची तिरीप आणि पावसाची झड भिंतीपासून दूर ठेवते, आणि पुढचे-मागचे दार उघडे असले की वारा घरातून आरपार जातो. वारा यायला जशी खिडकी लागते तशी जायलाही समोर लागते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही एवढे पाहावे की समोरासमोरच्या दोन खिडक्यांपैकी एक कपाटाने अडलेली नाही ना.

पीओपी पुन्हा केले नाही. वर पुन्हा कौले दिसतात. बासेल मिशनने मंगळूरला 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. एक फुटले तर एकच बदलायचे, सगळे छप्पर नाही. आता गळते कुठे ते दिसते आणि पावसाआधी माणूस चढून बसवतो. कौलांमध्ये चार काचेची कौले घातली, त्यामुळे माजघरात दुपारपर्यंत दिवा लागत नाही.

रात्रीच्या दिव्यांबद्दल एक साधी गोष्ट. एलईडीच्या खोक्यावर केल्विन लिहिलेले असते. 2700 ते 3000 केल्विनचा उजेड पिवळसर, उबदार असतो, तर 6500 चा पांढरा, निळसर. बैठकीत आणि झोपायच्या खोलीत पिवळसर, अभ्यासाच्या टेबलावर आणि ओट्यावर 4000 च्या आसपासचा. एवढ्या बदलाने आमचे घर संध्याकाळी जितके छान दिसू लागले तितके ते लाखांच्या फर्निचरने दिसले नव्हते.

जमीन आणि भिंत

जमीन वारंवार बदलता येत नाही, म्हणून तिच्यावर विचार जास्त करावा. चकचकीत टाइल फोटोत चांगली दिसते. पण आपल्या घरात वुजूचे ओले पाय दिवसातून पाच वेळा फिरतात. म्हाताऱ्या माणसासाठी ती टाइल धोक्याची. आम्ही पुढच्या खोलीत सगळी जमीन उखडली नाही, तेवढे पैसे नव्हते. वुजूच्या जागेजवळ, न्हाणीत आणि पडवीत मात्र खरखरीत फरशी घातली. मागे शहाबादी आहे तशीच ठेवली. शहाबादी, कोटा, लाल गिलाव्याची जमीन किंवा नक्षीच्या सिमेंट टाइल्स, यांपैकी काही तुमच्या जुन्या घरात असेल तर ते उखडण्याआधी एकदा नीट घासून, पॉलिश करून पाहा. नक्षीच्या सिमेंट टाइल्स आज लोक मुद्दाम शोधून महागात घेतात, आणि आपल्याकडे त्याच टाइल्सवर नव्या टाइल्स चिकटवल्या जातात.

भिंतीच्या बाबतीत पुराने आणखी एक धडा दिला. जांभा हा सच्छिद्र दगड. तो पाणी शोषतो आणि हळूहळू बाहेर सोडतो. बाहेरून प्लॅस्टिक पेंटचा जाड थर दिला की ओल आत अडकते, रंगाला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. पुरानंतर शेजारीपाजारी अनेकांनी गणपती-दिवाळीच्या आधी, कुणी लग्नाच्या आधी, घाईने रंग काढला. पुढच्या पावसात पुन्हा पोपडे. आम्ही सहा महिने भिंती तशाच ठेवल्या, नंतर चुन्याची सफेदी दिली. चुना ओल बाहेर जाऊ देतो, स्वस्त आहे, आणि दर दोन वर्षांनी घरच्या माणसांना देता येतो. यंदा रमजानच्या आधी मुलांनीच दिला. डाग पडले, पण ते त्यांचे डाग आहेत.

एक वस्तू, अनेक कामे

तख्त आता पुन्हा पुढच्या खोलीत आले आहे. सकाळी अम्मी त्यावर बसून तस्बीह घेतात, दुपारी धाकटा त्यावर अभ्यास करतो, रात्री पाहुणा आला तर गादी टाकली की पलंग. नणंदेच्या लग्नात हळदीला तिला याच तख्तावर बसवले होते. सोफ्याला एकच काम येते. वर तो खोलीची निम्मी जागा खातो.

जेवणासाठी आम्ही सहा खुर्च्यांचे टेबल पुन्हा घेतले नाही. ईदला आमच्याकडे वीस माणसे असतात. दस्तरखान अंथरले की वीसही बसतात, उचलले की खोली मोकळी. पण गुडघे दुखणाऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी एक लहान टेबल आणि दोन लाकडी खुर्च्या भिंतीशी आहेत. जमिनीवर बसण्याचा आग्रह म्हाताऱ्यांवर लादणे ही मेहमाननवाजी नव्हे.

आखातात काम केलेल्या आपल्या माणसांनी तिथल्या घरांतून भारी सोफे आणि झुंबरे आणली. पण तिथल्या मजलिसची खरी खुबी वेगळी आहे. भिंतीलगत बुटकी बैठक, मध्ये मोकळी जागा, सगळ्यांची तोंडे एकमेकांकडे. ती कल्पना आणायला पैसे लागत नाहीत. आम्ही दोन भिंतींना गाद्या आणि लोड लावले, मध्ये काही ठेवले नाही. त्याच मोकळ्या जागेत जमात उभी राहते. आपल्याकडे किबला पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे झुकलेला. त्या भिंतीवर आम्ही चित्र, घड्याळ, टीव्ही काहीच लावले नाही. खोलीत एक भिंत रिकामी असली की डोळ्याला किती विसावा मिळतो, हे तेव्हा कळले.

अंगाच्या मापाने

फॅशन बदलते, माणसाचे गुडघे आणि कोपर बदलत नाहीत. म्हणून मापे नीट घेतली तर वस्तू पिढ्यान्‌पिढ्या चालते. बसायची उंची 17-18 इंच असावी, म्हणजे पाय जमिनीला टेकतात आणि म्हातारे माणूस आधाराशिवाय उठते. अभ्यासाचे टेबल 29-30 इंच. स्वयंपाकाचा ओटा जी बाई जास्त वेळ उभी राहते तिच्या कोपराच्या तीन-चार इंच खाली. साधारण 32 ते 34 इंच येतो. 2019 ला आम्ही तो कंपनीच्या ठरलेल्या मापाने घेतला होता, कुणी घरातल्या बाईला विचारलेच नाही. येण्या-जाण्याच्या वाटेला तीन फूट मोकळी जागा ठेवावी, उद्या घरात वॉकर किंवा चाकाची खुर्ची आली तर अडत नाही.

ओट्याखाली आता कप्पे नाहीत. विटांचे खण, त्यात शहाबादीची फळी, पुढे कापडाचा पडदा. जिथे प्लाय वापरावाच लागला तिथे आयएस 710 चा शिक्का असलेला मरीन प्लाय घेतला. थोडाच घेतला, पण चांगला घेतला. सागवान नवे घेणे आपल्यासारख्यांना झेपत नाही. कोकणात जुनी घरे पाडली जातात तेव्हा त्यांचे सागवानी दरवाजे, तुळया, खिडक्या व्यापारी नेतात आणि शहरात चढ्या भावाने विकतात. आपल्या नात्यात कुठे घर पाडणार असतील तर आधी विचारून ठेवा. आमचे पुस्तकांचे कपाट मामांच्या घराच्या दोन खिडक्यांतून झाले आहे.

फॅशन कापडात ठेवा

मुलीच्या हौसेचे काय झाले? तिला आम्ही उत्तरेच्या खिडकीजवळचा कोपरा दिला. टेबल, दिवा, पुस्तकांची फळी आणि एक भिंत तिच्या रंगाची. घरातले पडदे, गाद्यांच्या खोळी, दस्तरखान, उशांचे अभ्रे यांचा कारभार तिच्याकडे. पहिल्या वर्षी सगळे करडे होते, मग हिरवे, आता विटकरी. कापड बदलायला दोन-तीन हजार लागतात, घर बदलायला दोन-तीन लाख. बदलाची हौस चूक नाही. ती कुठे भागवायची एवढेच ठरवायचे. भिंत, जमीन, लाकूड यांना वर्षावर्षाची फॅशन दिली की इसराफ होतो. कापडाला दिली की घर ताजे राहते.

जुने ते सगळे सोने नाही

जुने घर जसेच्या तसे ठेवा, असे आम्ही सांगत नाही. जुने माजघर अंधारे होते, ते उजेडात आणले. मागच्या अंगणातली न्हाणी पावसात अम्मींना जायला अवघड होती, ती घरात घेतली आणि भिंतीला धरायला दांडा लावला. माळ्याची उभी शिडी काढून कठड्याचा लाकडी जिना केला, कारण पुढच्या वेळी अम्मींना खांद्यावर घेऊन चढणे आम्हाला जमेलच असे नाही. वीजेची बटणे, इन्व्हर्टर आणि मीटर सगळे वर गेले.

किती वर? याचे उत्तर ओटीच्या चौकटीवर आहे. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर आमच्या सासऱ्यांनी तिथे चाकूने एक रेघ मारली होती. 2021 ला पाणी त्या रेघेच्या वर गेले. मुलीने दुसरी रेघ मारली आणि तारीख लिहिली. 2019 च्या कामात ती चौकट बदलून नवी बसवायचे ठरले होते. जुनी, काळवंडलेली, रेघ असलेली म्हणून. पैसे संपले म्हणून ती राहिली.

गेल्या ईदला एक नातेवाईक आले. तख्तावर बसले, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, “अरे, पुरानंतर काहीच नवीन केलं नाही का तुम्ही?” आम्ही काय बोलावे या विचारात होतो. अम्मी पडवीतल्या झोपाळ्यावरून म्हणाल्या, “केलं की. मला बसायला जागा केली.”